संच बंद केलेत, आता मागे राहिलेल्याचा हिशेब द्या: परळीहून एक खुले पत्र

प्रति,
राज्याच्या वीजनिर्मितीचं धोरण ठरवणारे, त्यावर सह्या करणारे आणि ते अमलात आणणारे सर्व मान्यवर,
मुंबई.

विषय: परळी वैजनाथ येथील जुन्या औष्णिक वीज केंद्राचे बंद संच, त्यांची जमीन, राख आणि माणसं यांची जबाबदारी निश्चित करण्याबाबत.

महोदय, महोदया,

परळीचे जुने संच पुन्हा सुरू करा, हे सांगायला मी हे पत्र लिहीत नाही. परळीहून पत्र आलं की तीच मागणी असणार असं धरलं जातं, म्हणून हे आधीच स्पष्ट करते. ते संच थकले होते. तेवढ्याच विजेला कोळसा जास्त लागत होता, दुरुस्तीत दिवस जात होते. त्यांचं आयुष्य संपत आलंय हे इथल्या कामगारांना कागद निघण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. गावात काही मंडळी अजूनही ते पुन्हा पेटवण्याची भाषा करतात. त्यांचं दुःख मला कळतं, पण ती मागणी मला पटत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. वीज केंद्र उभारताना सरकार गावात येतं. जमीन मोजतं, नोटिसा काढतं, सभा घेतं, आश्वासनं देतं. बंद करताना त्याच गावापुढे बसून, इथल्या राखेचं काय, जमिनीचं काय, पाण्याचं काय, या पोरांचं काय, हे समजावणारी एकही योजना आम्हा परळीकरांच्या वाट्याला आलेली नाही. संच एकेक करून थांबले, आणि थांबल्याचं आम्हाला चिमणीकडे बघून कळलं.

मला हे लिहिण्याचा अधिकार काय, असं कुणी विचारेल. माझे वडील थर्मलच्या, म्हणजे याच वीज केंद्राच्या, कोळसा हाताळणी विभागात होते. रेल्वेने आलेली वॅगन टिप्पलरवर अख्खीच्या अख्खी पालथी होते आणि कोळसा खाली पडतो, हे मी लहानपणी त्यांच्याकडून ऐकलं. पावसाळ्यात मात्र ओला कोळसा वॅगनच्या तळाला आणि कोपऱ्यांना धरून बसायचा. मग माणसं पहारी घेऊन तो मोकळा करायची. श्रावणातल्या रात्रपाळीहून वडील आले की त्यांच्या नखांच्या कडा आणि कानाच्या पाळ्या काळ्या असत. साबणाने दोनदा धुतलं तरी पंचाला डाग लागायचाच. त्या पगारावर आम्ही भावंडं शिकलो. बीड जिल्ह्यात याचा अर्थ काय होतो हे मुंबईत बसून कदाचित लक्षात येणार नाही. दिवाळीच्या सुमाराला या जिल्ह्यातून लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, मुलांची शाळा अर्ध्यात सोडून. अशा मुलखात ‘पोरगं थर्मलला लागलं’ म्हणजे त्या घरातला कोयता सुटला.

त्यामुळे थर्मलविषयी माझ्या मनात राग नाही, माया आहे. त्या मायेपोटीच हे पत्र लिहितेय.

आता केंद्राचा इतिहास थोडक्यात मांडते, कारण फायली बदलतात, अधिकारी बदलतात आणि गावाची गोष्ट कुणाला सलग माहीत नसते. 1971 मध्ये इथे 30 मेगावॅटचे दोन संच सुरू झाले. मग 210 मेगावॅटचे तीन: तिसरा 1980 ला, चौथा 1985 ला, पाचवा 1987 च्या अखेरीस. पुढे 250 मेगावॅटचे तीन आले: सहावा 2007 ला, सातवा 2010 ला, आठवा 2016 ला. पहिले पाचही संच आता निवृत्त आहेत. राहिले शेवटचे तीन, एकूण 750 मेगावॅट. तेही कायम चालतात असं नाही. परळीजवळ कोळशाची खाण नाही. कोळसा चंद्रपूर-नागपूरकडून नाहीतर तेलंगणातल्या सिंगरेणीहून येतो. रेल्वेभाडं धरलं की इथली वीज महाग पडते, आणि स्वस्त वीज आधी घेण्याच्या नियमात परळीचा क्रमांक खाली जातो. मागणी कमी असली की इथले संच थांबवून ठेवतात. गावाला त्याची सवय झाली आहे.

राखेवर मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण या केंद्राने मागे ठेवलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

एक युनिट विजेसाठी ढोबळमानाने 700 ग्रॅम कोळसा लागतो. 210 मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालला तर सुमारे 50 लाख युनिट वीज होते, म्हणजे साधारण साडेतीन हजार टन कोळसा जळतो. आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाण 30 ते 40 टक्के. म्हणजे एका संचाची एका दिवसाची राख हजार टनांच्या वर. असे तीन संच, वर्षानुवर्षं. सगळे दिवस पूर्ण क्षमतेचे नव्हते हे मान्य करूनही जो ढीग उरतो, त्याचा अंदाज कुणालाही करता येईल. ती राख पाण्यात कालवून, पाइपातून नेऊन राखेच्या तळ्यांत सोडली गेली. दाऊतपूर आणि दादाहरी वडगावच्या लोकांना हे तळं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पावसाळ्यात ते बंधाऱ्याच्या आड पाणी धरून बसतं. उन्हाळ्यात वरचा थर सुकतो, वारा सुटला की उठतो आणि शिवारावर बसतो.

आमच्याकडे चैत्र-वैशाखात कुरडया-पापड गच्चीवर टाकले की त्यावर जुनं धोतर अंथरायची पद्धत आहे. पाखरांसाठी नाही, राखेसाठी. संध्याकाळी धोतर उचलून झटकलं की करडी भुकटी उडते. बोटांत धरली तर मऊ लागते, चोळली की बारीक कचकच जाणवते. ती कचकच सिलिकाची आहे, वाळूत असतं त्याच. कोळशातलं आर्सेनिक, शिसं आणि पारा यांचे अंशही या राखेत असतात. शेतात कापसाच्या बोंडावर ती बसते, आणि व्यापारी बोंड हातात घेऊन भाव पाडतो.

राख हे नुसतं ओझं नाही, हेही मला माहीत आहे. सिमेंटला, विटांना, रस्त्याच्या भरावाला ती लागते. परळीच्या आसपास वीटभट्ट्या उभ्या राहिल्या त्या याच राखेवर, आणि त्यांवर हजारो हातांना काम आहे. पण मोल असलेली वस्तू उघड्यावर पडली आणि तिचा चोख हिशेब कुणी मागितला नाही की पुढे काय होतं, ते सगळ्या राज्याने पाहिलं आहे. गेल्या काही काळात परळीचं नाव वैजनाथासाठी कमी आणि राखेच्या धंद्यासाठी जास्त घेतलं गेलं. बारा ज्योतिर्लिंगांतलं एक आमच्या गावात आहे असं आम्ही मानतो. महाशिवरात्रीला दूरदूरचे भाविक येतात आणि राखेने भरलेल्या, ताडपत्री नसलेल्या हायवा ट्रकमागून तोंडाला रुमाल लावून गावात शिरतात. हे बघताना परळीकराला काय वाटत असेल, याचा विचार करा.

नियम नाहीत असंही नाही. राखेच्या वापराविषयी केंद्र सरकारची पहिली अधिसूचना 1999 ची. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने तर 100 टक्के राख वापरणं बंधनकारक केलं, जुन्या साचलेल्या राखेची टप्प्याटप्प्याने 10 वर्षांत विल्हेवाट लावायला सांगितलं आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे 1,000 रुपये भरपाई ठेवली. ते वेळापत्रक परळीच्या तळ्यांना कसं लागू केलं, आजवर किती राख उचलली, किती शिल्लक आहे, कुणी किती नेली, हे परळीच्या माणसाला सहज वाचता येईल अशा जागी लावलेलं मी कुठे पाहिलेलं नाही.

आणि बंधाऱ्यांचं काय? जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला. राखेचं पाणी शेतांत आणि नदीत गेलं, नागपूरच्या पाणीपुरवठ्यापर्यंत त्याची झळ पोचली. ते तळं चालू केंद्राचं होतं, तिथे रोज माणसांची ये-जा होती. जिथले संच बंद झाले, माणसं कमी झाली, तिथल्या जुन्या बंधाऱ्यावर पावसाळ्यात रोज कोण फेरी मारतं?

दुसरी तक्रार पाण्याची. परळीला गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून पाणी येतं, आणि त्यात पाणी यायला वर जायकवाडी-माजलगावात पाणी असावं लागतं. फेब्रुवारी 2013 मध्ये पाणी संपलं आणि अख्खं केंद्र थांबलं. 2015 मध्ये पुन्हा तेच. त्यानंतर 2016 मध्ये आठवा संच सुरू झाला. त्याचं काम दुष्काळाआधीच हाती घेतलं होतं हे खरं. पण दोनदा पाण्यावाचून बंद पडलेल्या जागी आणखी 250 मेगावॅट जोडताना एकदा थांबून विचार व्हायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

पाणी किती लागतं? 2015 च्या केंद्रीय निकषाप्रमाणे कूलिंग टॉवर असलेल्या, आधीपासून चालू केंद्राने एका मेगावॅट-तासाला, म्हणजे हजार युनिटला, जास्तीत जास्त साडेतीन घनमीटर पाणी वापरावं. तिन्ही नवे संच पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला 6 कोटी 30 लाख लिटर होतात. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. 50 वॅगनच्या एका गाडीत 25 लाख लिटर. म्हणजे अशा 25 गाड्या, रोज. मी कुणाच्या तोंडचं पाणी कुणी पळवलं असं म्हणत नाही. म्हणणं एवढंच, की जुने पाच संच बंद झाल्यावर त्यांच्या नावचं आरक्षण कुठे गेलं? ते पिण्याला मिळालं का, शेतीला मिळालं का, की कागदावर तसंच राहिलं?

तिसरी तक्रार माणसांची. कायम कामगारांची बदली झाली. चंद्रपूर, कोराडी, भुसावळ. कुटुंबं विस्कटली, पण पगार राहिला. कंत्राटी कामगाराची बदली होत नाही. त्याचं कंत्राट संपतं. कोळसा, राख, साफसफाई, वेल्डिंग, लॅगिंग (गरम पाइपांवर आवरण चढवणं), ही सगळी कामं वर्षानुवर्षं ज्यांनी केली, त्यांचं नाव केंद्राच्या पटावर कधी नव्हतंच, म्हणून केंद्र बंद होतानाच्या हिशेबातही ते आलं नाही. प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलं गेलं. जमीन बापाची गेली, आणि मुलगा तिशी ओलांडली तरी विद्यावेतनावर. एकीकडे ही मुलं, दुसरीकडे शक्तिकुंज वसाहतीतली कुलूप लावलेली घरं, आणि मधे बाजारपेठ. थर्मलच्या पगाराच्या दिवसावर ज्यांची उधारी फिरायची, ते किराणा दुकानदार, शिंपी, रिक्षावाले, खानावळी चालवणाऱ्या बाया. यांच्यापैकी कुणाचीही मोजदाद झालेली नाही.

बंद करण्याची रीत काही जगात नवी नाही. ब्रिटनने 2015 मध्येच सांगितलं की 2025 पर्यंत कोळशावरची वीज थांबवायची आहे. नॉटिंगहॅमजवळच्या रॅटक्लिफ केंद्राचा शेवटचा दिवस आला तो 30 सप्टेंबर 2024 ला, म्हणजे तिथल्या कामगारांना जवळपास नऊ वर्षं आधी दिशा कळली होती. तो देश श्रीमंत आहे, असं आपण म्हणाल. मग दिल्लीचं बदरपूर घ्या. 1973 पासून चाललेलं ते केंद्र 15 ऑक्टोबर 2018 ला बंद झालं आणि त्याच्या राखेच्या तळ्यावर शेकडो एकरांचं उद्यान करायचं ठरलं. वाईट उदाहरणही आपल्याच देशात आहे. बठिंड्याचं गुरु नानक देव केंद्र 1 जानेवारी 2018 पासून बंद केलं, आणि कंत्राटी कामगारांना रस्त्यावर बसावं लागलं. परळीची वाट यांपैकी कुठली, हे ठरवणं अजूनही आपल्या हातात आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2021 मध्ये कोळशावरची केंद्रं मोडीत काढताना काय काळजी घ्यायची याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ॲस्बेस्टॉस, ट्रान्सफॉर्मरचं तेल, रसायनं, राखेची तळी, सगळं त्यात आहे. भंगाराचा लिलाव म्हणजे केंद्र बंद करणं नव्हे. लोखंड विकलं जातं, गाड्या भरून जातात, आणि जमिनीत जे मुरलंय ते तिथेच राहतं.

आता मागण्या सांगते. त्या अवघड नाहीत.

जुन्या पाच संचांची बंद करण्याची संपूर्ण योजना मराठीत प्रसिद्ध करा आणि तिच्यावर परळी, दाऊतपूर आणि दादाहरी वडगाव इथे जनसुनावणी घ्या. मंडप नको, हारतुरे नकोत; प्रश्नांना जागेवर उत्तर देऊ शकणारे अधिकारी पाठवा.

राखेच्या तळ्यांची मोजणी स्वतंत्र संस्थेकडून करून घ्या. किती राख आहे, बंधारा किती मजबूत आहे, आसपासच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात काय उतरलंय, हे तिन्ही अहवाल ग्रामपंचायतीत ठेवा. प्रत्येक गाडीचं वजन काट्यावर व्हावं, ताडपत्री असल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर पडू नये, आणि कुणाला किती राख दिली याची यादी दर महिन्याला लोकांना दिसावी. असं झालं तर राखेच्या नावाने होणारी निम्मी भांडणं आपोआप मिटतील. छोट्या वीटभट्टीवाल्यालाही त्याचा वाटा सरळ मार्गाने मिळेल, त्याला कुणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही.

कंत्राटी कामगार आणि प्रशिक्षणार्थी यांची नावानिशी नोंद करा. जुनं केंद्र पाडण्याच्या, सफाईच्या, झाडं लावण्याच्या कामात त्यांना पहिला हक्क द्या, तोही सुरक्षेच्या साधनांसह. ॲस्बेस्टॉस उघड्या हाताने काढायला लावू नका.

जमीन विकू नका. वीज केंद्रासाठी म्हणून घेतलेली ती जमीन आहे. तिथे पारेषणाच्या वाहिन्या आहेत, यार्ड आहे, रेल्वेचा फाटा आहे. मराठवाड्यात ऊन कमी नाही. सौर प्रकल्प आणि वीज साठवणाऱ्या बॅटऱ्या इथे बसवता येतील का, याचा अभ्यास करून तो जाहीर करा. सौर प्रकल्पात थर्मलइतके रोजगार नसतात, हे मी जाणते. म्हणून त्यासोबत दुरुस्ती-प्रशिक्षणाची संस्था इथेच हवी, आणि तिच्यात पहिल्या जागा प्रकल्पग्रस्तांच्या मुलामुलींना. मुलींनाही, हे मुद्दाम लिहिते.

बंद संचांच्या नावचं पाणी पिण्यासाठी आणि शेतीसाठी मोकळं करण्याचा आदेश काढा.

आणि शेवटची, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची मागणी. कोळशाच्या संचाचं आयुष्य नियामक हिशेबात 25 वर्षं धरतात. त्या हिशेबाने सहाव्या संचाची मुदत 2032 ला भरते, सातव्याची 2035 ला, आठव्याची 2041 ला. जानेवारी 2023 मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2030 पर्यंत कोळशाचे संच निवृत्त करू नका असं कळवलं होतं. म्हणजे तोपर्यंत ते उभे राहतील असं धरू. पण 2032 काही लांब नाही. आज जी मुलगी दहावीत आहे ती तेव्हा नोकरी शोधत असेल. तिच्या आईवडिलांना आत्ता सांगा, की हे तीन संच कधी आणि कसे थांबणार आहेत, त्यासाठी दर वर्षी किती पैसा बाजूला ठेवला जाणार आहे, आणि तो पैसा परळीतच खर्च होईल याची हमी कोण देणार आहे.

या पत्राला पुढच्या पावसाळ्याआधी लेखी उत्तर मिळावं ही विनंती. राखेच्या बंधाऱ्यांची तपासणी तर त्याआधीच व्हायला हवी. उत्तर मला व्यक्तिशः पाठवण्याची गरज नाही. ते परळी नगर परिषदेच्या आणि दोन्ही ग्रामपंचायतींच्या सूचनाफलकांवर लावा, म्हणजे ज्यांचा प्रश्न आहे त्या सगळ्यांना वाचता येईल.

कळावे,

थर्मलमधल्या एका निवृत्त कामगाराची मुलगी
परळी वैजनाथ, जि. बीड